जुना ट्रॅक्टर घेताना रंग पाहू नका, मागची बाजू आणि कागद पाहा

जालन्याच्या आमच्या बाजारात एक शिंपी भाऊ आहेत. वीस वर्षांपासून ते माझ्या दुकानातून अस्तर आणि पॉपलिन नेतात. गेल्या उन्हाळ्यात एके दुपारी ते आले, पण कापड नको होते. मोबाईलमधला एक फोटो त्यांनी पुढे केला. लालभडक, नवा करकरीत दिसणारा ट्रॅक्टर. भावांच्या वाटण्या होऊन गावाकडची साडेचार एकर जमीन त्यांच्या वाट्याला आली होती. मशीनवर पाय मारून जमवलेले २ लाख ८० हजार रुपये जवळ होते आणि विकणारा ३ लाख १० हजार मागत होता. "भाईजान, तीस हजार कुठून तरी उसने करतो. इसार देऊन टाकू का?" असे त्यांनी विचारले.

मी कापडाचा माणूस. पण आमच्याही घरची थोडी जमीन आहे, गेल्या पंधरा वर्षांत घरात दोन जुने ट्रॅक्टर आले आणि त्यांतल्या एकाने आम्हाला पुरते रडवले. त्या तजुर्ब्यावरून जे सांगता आले ते त्यांना सांगितले. आपल्या वाचकांत असे पुष्कळ आहेत की ज्यांचा धंदा शहरात किंवा तालुक्याला आणि वडिलोपार्जित दोन-पाच एकर गावाकडे. त्यांच्याही उपयोगी पडेल म्हणून तेच इथे मांडतो.

आधी घरी बसून हिशेब

ट्रॅक्टर पाहायला जाण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. शिंपी भावांनी आपल्या गावचे भाड्याचे दर सांगितले. नांगरट, दोन वेळा मोगडणी, रोटा आणि पेरणी मिळून एकरी सुमारे ६ हजार. साडेचार एकरांचे झाले २७ हजार. आता घरचा ट्रॅक्टर धरा. एवढ्या कामाला एकरी आठ-नऊ तास पकडले तर वर्षाला चाळीसेक तास होतात. ३५ ते ४० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर जड कामात तासाला साडेतीन-चार लिटर डिझेल खातो. म्हणजे डिझेलच चौदा-पंधरा हजारांचे. त्यावर ऑईल, फिल्टर, विमा आणि वर्षाकाठची किरकोळ दुरुस्ती, यांत दहा-बारा हजार सहज जातात. उरले काय? तीन लाखांचे भांडवल गुंतवून वर्षाला हजार-दोन हजार! ड्रायव्हर पगारी ठेवावा लागला तर तेही नाही.

मग कोणी ट्रॅक्टर घेऊच नये काय? तसे नाही. ज्याने भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहिली आहे त्याला वाफशाची किंमत माहीत आहे. पाऊस पडून जमीन वाफशावर येते आणि दोन-तीन दिवसांत पेरणी उरकायची असते. त्याच वेळी गावातल्या सगळ्यांना ट्रॅक्टर हवा असतो. जो गावात राहत नाही, शहरातून फोन करतो, त्याचा नंबर सर्वांत शेवटी लागतो. हे नुकसान वहीत लिहिले जात नाही, पण होते. दुसरी गोष्ट म्हणजे शेजाऱ्यांची दहा-पंधरा एकरे भाड्याने केली तर ट्रॅक्टर आपला खर्च आपण काढतो. शिंपी भावांचा पुतण्या ट्रॅक्टर चालवतो आणि गावातच राहतो. म्हणून मी त्यांना नको म्हटले नाही. पुतण्या नसता तर साफ नको म्हटले असते.

दोघा भावांनी किंवा शेजाऱ्यांनी मिळून घेण्याची रीतही आहे. पैसा निम्मा लागतो, पण वाफसा दोघांच्या शेतात एकाच दिवशी येतो. आधी कोणाचे शेत, डिझेल कोणाचे, मोडले तर खर्च कोणाचा, हे इसार देण्याआधी लिहून काढावे. सख्ख्या भावांनी तर नक्कीच लिहावे.

या हिशेबात एक गोष्ट बहुतेक लोक विसरतात. नुसता ट्रॅक्टर घेऊन काही होत नाही, अवजारे लागतात. शिलाई मशीन घेतले आणि सुई-कात्रीला पैसे उरले नाहीत, तशी गत होते. मोगडा, पेरणी यंत्र आणि जुना का होईना रोटा यांसाठी साठ-सत्तर हजार बाजूला ठेवावे लागतात. शिवाय जुन्या ट्रॅक्टरला पहिल्या हंगामात काही ना काही लागतेच, त्यासाठी वीस-पंचवीस हजार. म्हणजे २ लाख ८० हजार जवळ असलेल्या माणसाने दोन लाखांच्या आसपासचा ट्रॅक्टर पाहायला हवा. तीन लाख दहाचा त्याच्यासाठी नाहीच, तो कितीही चांगला असला तरी. हे ऐकून शिंपी भावांचा चेहरा उतरला, पण आकडे त्यांच्याच तोंडचे होते.

किती ताकदीचा, कोणता

आपल्याकडच्या काळ्या जमिनीत दोन फाळांचा पलटी नांगर ओढायचा तर चाळीसच्या वर अश्वशक्ती लागते. म्हणून लोक मोठ्याच्या मागे लागतात. माझे मत वेगळे आहे. नांगरट वर्षातून एकदा असते, कित्येक शेतांत दोन वर्षांतून एकदा केली तरी भागते. ती मोठ्या ट्रॅक्टरवाल्याकडून भाड्याने करून घ्यावी. मोगडणी, पाळी, पेरणी, फवारणी आणि ट्रॉलीचे काम ३० ते ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर सुखाने करतो, डिझेल कमी खातो आणि जुन्या बाजारात स्वस्त मिळतो. मोसंबीची बाग असेल तर १८ ते २५ अश्वशक्तीचा अरुंद ट्रॅक्टर बरा. तो झाडांच्या ओळींतून फांद्या न मोडता जातो.

कंपनीच्या बाबतीत मी एकच विचारतो, तुमच्या तालुक्याला कोणत्या ट्रॅक्टरचे सामान मिळते आणि कोणता मिस्त्री त्यात पक्का आहे? आमच्या भागात महिंद्राचे २६५ व २७५, मॅसीचा १०३५ आणि स्वराजचा ७३५ यांचे सामान कोणत्याही दुकानात मिळते. आयशरचा ट्रॅक्टर धंदा २००५ साली टाफेकडे गेला, तरी सामानाची अडचण नाही. पंजाब ट्रॅक्टर्स म्हणजे स्वराज २००७ साली महिंद्राकडे गेली, तिचेही तसेच. एचएमटी मजबूत गाडी होती आणि आज ती फार स्वस्त मिळते. पण तो कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला, तेव्हा तुमच्या गावात एचएमटीचा जुना जाणकार असेल तरच तिच्या वाटेला जावे. पेरणीच्या दिवशी एका सीलसाठी दोनशे किलोमीटर जावे लागले तर वाचलेले पन्नास हजार काय कामाचे?

खळ दिलेले कापड

कापडाच्या धंद्यात हलक्या मालाला खळ देतात. हाताला ते कडक, भरीव लागते. एका धुण्यात खळ जाते आणि खाली जाळी उरते. म्हणून जाणता गिऱ्हाईक कापडाचे टोक बोटांत चुरगळून पाहतो. ट्रॅक्टरचा ताजा रंग म्हणजे ही खळ. दहा-पंधरा हजारांत रंग, स्टिकर आणि सीटचे कव्हर होते, आणि विकणारा त्याचे पन्नास हजार लावतो. मला स्वतःला धुळीने माखलेला, शेतातून नुकताच आलेला ट्रॅक्टर जास्त विश्वासाचा वाटतो. त्यावर ऑईल कुठे गळते ते दिसते.

तासांच्या मीटरवरही जाऊ नये. जुन्या ट्रॅक्टरांत तो केबलवर चालतो. केबल तुटली की तास तिथेच थांबतात, आणि पुष्कळांची ती वर्षानुवर्षे तुटलेलीच असते. त्यापेक्षा क्लच आणि ब्रेकचे पायदान पाहा, रबर जाऊन लोखंड गुळगुळीत झाले आहे का. मागे ट्रॉली जोडतात ते भोक गोल आहे की लांबट झाले आहे ते पाहा. पी.टी.ओ.च्या दांड्याचे दाते धारदार झाले असतील तर रोटा भरपूर चालला आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१८ असेल तर २०१८ सालचा तेविसावा आठवडा. त्यावरून "टायर नवे आहेत" या दाव्याची परीक्षा होते. मागच्या टायरची जोडी चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जाते, म्हणून ही परीक्षा लहान नाही.

इंजिन पाहायला सकाळी जावे आणि आधीच सांगून ठेवावे की आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. गेल्यावर ब्लॉकला हात लावून पाहावा. गरम लागला तर समजावे की थंडीत सुरू होत नाही म्हणून आधीच तापवून ठेवला आहे. सुरू होताना थोडा धूर येणारच. पण गरम झाल्यावरही निळसर धूर असेल तर इंजिन ऑईल जाळते आहे. काळा धूर बहुधा नोझल, पंप किंवा तुंबलेल्या एअर फिल्टरचा, तो खर्च लहान. ऑईल भरण्याचे झाकण काढून पाहावे. तिथून भकाभका वाफ येत असेल तर रिंग-पिस्टन संपले. थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडून पाण्यावर तेलाची साय आहे का ते पाहावे, आणि ऑईलची पट्टी काढून ऑईल दुधासारखे झाले आहे का तेही पाहावे.

एवढे सांगूनही म्हणतो की इंजिनाला फार भिऊ नये. लोक आवाज ऐकून ट्रॅक्टर पास-नापास करतात, ते चूक आहे. इंजिनाचे काम प्रत्येक तालुक्याचा मिस्त्री रोज करतो, खर्चाचा आकडा आधी सांगतो आणि तेवढा भावातून कापून घेता येतो. घात होतो तो मागच्या भागात. गिअरबॉक्स, क्राउन-पिनियन, मागचा ॲक्सल आणि हायड्रोलिक बाहेरून दिसत नाहीत, चालताना लवकर बोलत नाहीत आणि उघडल्याशिवाय खर्च कोणी सांगू शकत नाही.

तेव्हा मागचा भाग असा तपासावा. गिअरबॉक्सच्या खालचा बोल्ट ढिला करून वाटीभर ऑईल काढावे. ते पांढुरके असेल तर आत पाणी गेले आहे. त्यात चुंबक फिरवावे. बारीक कीस आला तर झीज आहे, ती जुन्या गाडीत थोडी असणारच. पण दात्याचा तुकडा आला तर सलाम करून घरी यावे. मालक बोल्ट उघडू देत नसेल तरी घरीच यावे. मग मागे अवजार किंवा वजन लावून लिफ्ट उचलावी, इंजिन बंद करावे आणि पाहत उभे राहावे. हळूहळू खाली आले तर चालेल, धपकन बसले तर सील-पिस्टन गेले. ही परीक्षा थंड ऑईलवर एकदा आणि अर्धा तास शेतात चालवून ऑईल गरम झाल्यावर पुन्हा एकदा करावी. थंडीत पास झालेली लिफ्ट गरम झाल्यावर नापास होते, आमच्या दुसऱ्या ट्रॅक्टरने हे आम्हाला शिकवले. प्रत्येक गिअरमध्ये ओढीखाली चालवून एकदम ॲक्सिलेटर सोडावा. गिअर आपोआप निसटला तर आत काम आहे. पुढची चाके जॅकवर उचलून हलवून पाहावीत. आणि खाली वाकून लोखंडी हाउसिंगवर कुठे वेल्डिंगचा टाका आहे का ते जरूर पाहावे.

असा टाका बहुधा ऊस किंवा वाळू वाहिलेल्या ट्रॅक्टरवर सापडतो. कारखान्याला दोन-दोन ट्रॉल्या ओढलेला पाच वर्षांचा ट्रॅक्टर शेतात चाललेल्या पंधरा वर्षांच्या ट्रॅक्टरपेक्षा जास्त थकलेला असतो. वाळूवाल्याला तर दुसरे दुखणेही असू शकते. परवान्याशिवाय वाळू नेताना पकडलेले वाहन महसूल खाते जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली जप्त करते आणि मालकावर दंड बसवते. गोदाकाठच्या गावचा स्वस्त ट्रॅक्टर असेल तर तहसील कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात नंबर सांगून चौकशी करावी. यात लाज कसली?

मिस्त्रीबद्दल दोन शब्द. आपल्यातले कितीतरी भाऊ ट्रॅक्टरचे उत्तम मिस्त्री आहेत आणि त्यांच्या एका शब्दावर लोक लाखोंचा व्यवहार करतात. पण काही जण पाहणीचे पैसे घेत नाहीत, "आपल्याच माणसाकडून काय घ्यायचे" म्हणतात आणि विकणाऱ्याकडून दलाली घेतात. माझे म्हणणे स्पष्ट आहे. मिस्त्रीने पाहणीची फी खुशाल हजार-पंधराशे मागावी, घेणाऱ्याने ती हसत द्यावी, आणि समोरच्याकडून चहादेखील घेऊ नये.

कागद

आता आम्हाला रडवलेल्या ट्रॅक्टरची गोष्ट. गाडी उत्तम होती. मालकाने फायनान्सचे सर्व हप्ते भरल्याच्या पावत्या दाखवल्या आणि त्या खऱ्या होत्या. आम्ही पूर्ण रक्कम दिली. "एनओसी पंधरा दिवसांत येईल" असे तो म्हणाला. पण त्या गृहस्थाने त्याच कंपनीत आपल्या मेहुण्याच्या कर्जाला जामीनकी दिली होती आणि मेहुणा थकला होता. कंपनीने एनओसी अडवून धरली. दोन वर्षे ट्रॅक्टर आमच्या अंगणात आणि कागदावर दुसऱ्याचा. विमा आमच्या नावाने होईना, विकता येईना, रस्त्यावर नेताना जीव मुठीत. शेवटी मेहुण्याच्या थकबाकीतले काही पैसे आम्हीच भरले. पावत्या म्हणजे एनओसी नव्हे, हे आम्ही पैसे देऊन शिकलो.

म्हणून आरसीवर कर्जाचा बोजा दिसत असेल तर फायनान्सचे पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. गाडीचा नंबर टाकून परिवहन खात्याच्या ॲपवर बोजा, नोंदणीची मुदत आणि विमा पाहता येतो, पाच मिनिटांचे काम आहे. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. तेव्हा १५ वर्षांहून जुना ट्रॅक्टर असेल तर ते झाले आहे का ते पाहावे. चासी नंबर आणि इंजिन नंबर चिंधीने पुसून आरसीशी ताडून घ्यावेत. इंजिन बदललेले आणि कागदावर न चढलेले अनेक सापडतात. दुसऱ्या राज्यातला असेल तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत पत्र, म्हणजे फॉर्म २८, लागते.

नाव बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३०. फॉर्म इंग्रजीत असतात म्हणून आपण कोऱ्या कागदावर सह्या करून एजंटावर सोडून देतो. तसे करू नये, कोणाकडून तरी वाचून घ्यावे. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. हे विकणाऱ्याच्याही फायद्याचे आहे, कारण नाव बदलेपर्यंत अपघात झाला तर भरपाईचा दावा कागदावरच्या मालकावर येतो. आणि ट्रॉलीत माणसे बसवून लग्नाला नेऊ नयेत. शेतीच्या विम्यात ती धरलेली नसतात.

पैशांचेही थोडे सांगतो. जुन्या ट्रॅक्टरवरच्या कर्जाचे व्याज नव्यापेक्षा सहसा जास्त आणि मुदत कमी असते. आपले पुष्कळ वाचक व्याज नको म्हणून रोखीनेच घेतात, ते चांगलेच. पण रोखीच्या माणसाची चूक झाली तर सगळी पुंजी एकदम अडकते, म्हणून घाई त्यालाच सर्वांत महाग पडते. भाव करताना एक आकडा ध्यानात ठेवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, आणि ट्रॅक्टरचे टायर व पुष्कळसे सुटे भाग १८ वरून ५ टक्क्यांवर आले. नवा स्वस्त झाला तर जुनाही उतरायला हवा. विकणारे मात्र अजून आधीच्या किमती सांगून भाव चढवतात. मृगाच्या तोंडावर तर घेऊच नये, तेव्हा सगळा तालुका ट्रॅक्टर शोधत असतो. पावसाळा सरत आला की तोच मालक फोन उचलतो.

शिंपी भावांनी तो लाल ट्रॅक्टर सोडला. त्या हंगामात भाड्यानेच पेरले आणि दिवाळीआधी शेजारच्या गावातून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर २ लाख ५ हजारांना घेतला. रंग उडालेला, सीट फाटलेले, पण सुरुवातीपासून एकाच घरात आणि एकाच शेतात चाललेला. क्लच प्लेट, सगळी ऑईले आणि एक सील मिळून १७ हजार लागले. इसार पावतीवर त्यांनी लिहून घेतले होते की २० हजार रुपये आरसी नावावर झाल्यावर देईन. म्हाताऱ्याला ते आधी आवडले नाही. दीड महिन्याने आरसी आली, त्याच दिवशी हे पैसे घेऊन गेले, आणि पुतण्याने येताना म्हाताऱ्याचाच जुना मोगडा ९ हजारांत ट्रॅक्टरला जोडून आणला.